‘सहभाग’, ‘हस्तक्षेप’ की ‘ढवळाढवळ’?

परळहून

महासत्तांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि एक वाक्य दोन दिवस अडून बसलंय. आशय असा, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगाच्या राजकारणात आणि अर्थकारणात सरळ सरळ शिरली आणि तिचं तिथं वजन होतं. मी आधी लिहिलं, ‘अमेरिकेचा थेट प्रभाव आणि सहभाग होता’. मोठ्याने वाचलं तर शाळेच्या स्नेहसंमेलनात भाग घेतल्यासारखं वाटलं. ‘सहभाग’ म्हटलं की सगळे एका पातळीवर, सगळे राजीखुशीने आलेले. ‘हस्तक्षेप’ लिहावं तर लेखकाने न केलेला आरोप त्याच्या तोंडी जातो. ‘ढवळाढवळ’ म्हणजे तर निकालच. मधला शब्द कुणाला सुचतोय का? शिवाय ‘थेट’ बरा की ‘प्रत्यक्ष’?

मुलुंडहून

ताई, माझी सगळी नोकरी फोर्टमध्ये, एका बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. तिथे ‘हस्तक्षेप’ हा आरोप नव्हता. रुपया भराभर घसरायला लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकते. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘रिझर्व्ह बँकेचा हस्तक्षेप’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला बरंच वाटतं. आम्ही मात्र डीलिंग रूममध्ये एवढंच म्हणायचो, ‘आरबीआय उतरली’.

तुमच्या ‘थेट’साठी यातली एक गोष्ट कामाची आहे. रिझर्व्ह बँक बहुतेकदा सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते. एखाद्या सरकारी बँकेकडून अचानक मोठी विक्री आली, की त्यावरून आम्ही काय ते ओळखायचो. म्हणजे हस्तक्षेप झाला, पण थेट नाही. तेव्हा हे दोन शब्द एकमेकांना चिकटवताना जपून.

फोर्टहून

काकांना दुजोरा. हायकोर्टात रोजचं उदाहरण आहे. दोघांच्या खटल्यात तिसऱ्याला ‘माझंही ऐका’ म्हणायचं असेल तर तो हस्तक्षेप अर्ज करतो. न्यायाधीशांना पटलं तर परवानगी मिळते. शब्दाची फोड केली तर हस्त आणि क्षेप, म्हणजे शब्दशः हात घालणं. हात घालायचा अधिकार होता की नव्हता, याबद्दल शब्द काही बोलत नाही. ते वाक्यातल्या बाकीच्या मजकुराने ठरतं.

ढवळाढवळीला मात्र परवानगी कुणीच देत नाही.

गिरगावहून

अगदी बरोबर, आणि त्याचं कारण शब्दाच्या घडणीतच आहे. पळापळ, मारामारी, फोडाफोडी, ढवळाढवळ: क्रियापद असं दुहेरी झालं की त्यात पुन्हापुन्हा आणि बेशिस्त हा भाव येतो. त्यातून ‘ढवळणे’ हे क्रियापदच असं, की खाली बसलेला गाळ वर येतो. ज्याच्या घरात ढवळलं, त्याच्या बाजूने बोललेला हा शब्द आहे. १९५४च्या भारत-चीन करारातल्या पंचशीलात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचं तत्त्व आहे. करारात ‘हस्तक्षेप’च शोभतो. तोच करार मोडला गेल्यावर सभेत बोलणारा माणूस ‘ढवळाढवळ’ म्हणणार, आणि ते योग्यच आहे.

मी शिक्षिका होते, म्हणून एक जुनी खंत इथे मांडते. आपण ‘अलिप्ततावाद’ हा शब्द घेतला आणि मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसवलं. अलिप्त म्हणजे ज्याला काही लागलेलं नाही असा, चिखलातून चालूनही पाय कोरडे असलेला. वर्गात विचारलं की मुलं हमखास सांगायची, ‘भारताने जगाच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं.’ प्रत्यक्षात १९६१ साली बेलग्रेडला जमलेल्या देशांना भानगडींपासून लांब राहायचं नव्हतं, फक्त अमेरिका किंवा सोव्हिएत रशिया यांपैकी कुठल्याही एका गटाच्या दावणीला बांधून घ्यायचं नव्हतं. हिंदीतला ‘गुटनिरपेक्ष’ कानाला रुक्ष लागतो, पण अर्थाने नेमका आहे.

‘तटस्थ’चंही तेच. तटस्थ म्हणजे काठावर उभा. कोरियातलं युद्ध १९५३ साली थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न एका तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आला. त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, जनरल थिमय्या अध्यक्ष होते आणि कैद्यांच्या छावण्या भारतीय सैनिक सांभाळत होते. याला काठावर उभं राहणं कोण म्हणेल?

वसईहून

मला आणखी एका शब्दाची आठवण द्यावीशी वाटते: तैनाती फौज. आमच्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा तह ३१ डिसेंबर १८०२चा. होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव इकडे आले आणि त्यांनी इंग्रजांशी करार केला. इंग्रजांची फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार. तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. इतर सत्तांशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारायचं.

थेट प्रभाव याहून थेट कसा असेल? पण इथे ना हस्तक्षेप बसतो, ना ढवळाढवळ. दार आतून उघडलं होतं, सही पेशव्यांची होती. कागदावरची भाषा मैत्रीची आणि परस्पर संरक्षणाची. ‘तैनात’ हा शब्दही मुळात साधा, नेमणुकीवरचा. आजही गणपतीत चौकाचौकात पोलीस तैनात असतात, त्यात कुणाला काही खुपत नाही. अशा नात्याला मराठीत खरा शब्द ‘मिंधेपणा’. तो घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. देणाऱ्याच्या बाजूने तसा शब्द मला अजून सापडलेला नाही.

मुलुंडहून

वसईकरांचं वाचून १९९१ आठवलं. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी गहाण ठेवायला गेलं. त्याच महिन्यात दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. आमच्या मजल्यावर त्या दिवसांत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. घरातले दागिने सावकाराकडे गेल्यावर घर जसं गप्प होतं, तसं.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्ज देताना अटी घातल्या. कुणी त्याला हस्तक्षेप म्हटलं, कुणी सल्ला, कुणी दबाव. कर्ज आपणच मागितलं होतं, म्हणून मला ‘अटी’ हाच प्रामाणिक शब्द वाटतो. पण वजन कुणाचं हेही सांगितलं पाहिजे. नाणेनिधीत सगळ्यात मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. सुरक्षा परिषदेत आपण ‘नकाराधिकार’ म्हणतो. इथे तो शब्द कुणी वापरत नाही, पण अमेरिका नाही म्हणाली तर तो निर्णय होत नाही.

परळहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लोकलमध्ये उभ्याने हे सगळं पुन्हा वाचलं.

आधी ‘थेट’ आणि ‘प्रत्यक्ष’. कराच्या बाबतीत आपण ‘प्रत्यक्ष कर’ म्हणतो, गुंतवणुकीच्या बाबतीत ‘थेट परकीय गुंतवणूक’. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचं. थेट म्हणजे मध्ये कुणी नसलेलं. माझ्या वाक्याला ‘थेट’च हवा.

तिथूनच ‘गुंतवणूक’ या शब्दापाशी अडखळले. आजवर तो फक्त पैशाचा शब्द वाटत होता. मुळात ‘गुंतणे’. दोऱ्यात पाय गुंततो, तसा पैसा कुठेतरी गुंतवायचा. दलाल स्ट्रीटवरचा परदेशी फंड सकाळी घेतलेले शेअर काही दिवसांत विकून मोकळा होऊ शकतो. कारखाना उभारणाऱ्याला ते जमत नाही, तो खरोखर गुंततो. मला ‘सहभागा’च्या जागी हेच हवं होतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा सहभाग होता असं म्हटलं तर काहीच सांगितलं जात नाही. ती तिथे गुंतली होती, आणि पाय काढून घ्यायला तिला अनेक वर्षं लागली.

माझी चूक बहुधा नाम शोधण्यात झाली. इंग्रजी वाक्यात दोन नामं होती म्हणून मीही दोन नामांच्या मागे लागले. क्रियापदांकडे वळले तेव्हा वाक्य सुटलं:

‘दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगाच्या राजकारणात आणि अर्थकारणात स्वतः उतरली, त्यात गुंतत गेली आणि तिथे तिचा शब्द चालू लागला.’

‘उतरली’ काकांच्या डीलिंग रूममधून घेतलं आहे. ‘थेट’ शेवटी गळलाच.

गिरगावहून

छान झालंय. फक्त संपादकांनी ‘अर्थकारणात’चं ‘अर्थव्यवस्थेत’ केलं तर ऐकू नका. ‘व्यवस्था’ म्हणजे मांडून ठेवलेली, ‘कारण’ म्हणजे माणसं करतात ते. उतरायचं ते अर्थकारणात.

मुलुंडहून

आणि ‘स्वतः’ काढू देऊ नका. तुमचा ‘थेट’ आता त्यातच आहे.