पीसीएल-५ चा आकडा उतरतो, रोजचं गाडं मात्र अडलेलंच: माजी महिला सैनिकांच्या बाबतीत काय तपासता?

रुजुवात:
माजी महिला सैनिकांचं समुपदेशन करणाऱ्यांना विचारते. सीपीटीची (आघाताबद्दलचे अडकलेले विचार तपासून बदलण्याच्या उपचाराची) १२ सत्रं होतात, पीसीएल-५ (आघातानंतरच्या लक्षणांची प्रश्नावली) तिशीच्या खाली येतो, फाइलवर ‘सुधारणा’ लिहिलं जातं. त्याच बाईच्या घरी न उघडलेल्या टपालाचा ढीग असतो, डॉक्टरांच्या वेळा चुकतात, नोकरी टिकत नाही. चूक मोजण्यात आहे की उपचारात? आणि पुढे आधी काय हाती घ्यायचं?

मोजपट्टी:
आधी मोजण्यात. पीसीएल-५ मध्ये २० लक्षणं, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या वर पीटीएसडीची (आघातानंतरच्या तणाव विकाराची) शक्यता धरतात. घर, नोकरी, नाती यांचं काय चाललंय हे तो विचारतच नाही. शिवाय टाळाटाळीवर त्यात फक्त दोन प्रश्न आहेत. गर्दीत जाणंच सोडलं की दचकायचे प्रसंग कमी होतात आणि बेरीज आपोआप उतरते.

सोबत जागतिक आरोग्य संघटनेची हूडॅस २.० ही रोजच्या कामकाजातल्या अडचणी मोजणारी प्रश्नावली द्या. १२ प्रश्नांची आवृत्ती पुरते, ती गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. किंवा बी-आयपीएफ ही तशीच छोटी प्रश्नावली: जोडीदार, कुटुंब, काम, मैत्री, पालकत्व, शिक्षण, स्वतःची काळजी, असे सात प्रश्न. त्यात ‘लागू नाही’ला शून्य देऊ नका. जिला जोडीदार नाही, मूल नाही, तिची अडचण कागदावर उगाच कमी दिसते. लागू असलेल्या प्रश्नांची बेरीज त्यांच्याच कमाल गुणांनी भागून शंभराने गुणायची.

निशाचर:
मोजपट्टी म्हणतात ते मान्य, पण मी आधी झोप बघेन. आघाताचे उपचार संपल्यावरही निद्रानाश बऱ्याच जणींचा मागे उरतो, आणि विसरभोळेपणा, चिडचिड, चुकलेल्या वेळा यांतलं बरंच तिथून येतं. दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायला सांगा. प्रत्यक्ष झोप भागिले अंथरुणातला वेळ हे ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर सीबीटी-आय (निद्रानाशावरचा, विचार आणि सवयी बदलणारा उपचार), साधारण ६ ते ८ सत्रं. त्यात अंथरुणातला वेळ कमी करताना पाच तासांच्या खाली जाऊ नका. अपस्मार, बायपोलर किंवा वाहन चालवण्याचं काम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा भाग सुरूच करू नका. स्लीप अ‍ॅप्नियाही (झोपेत श्वास अडखळणं) तपासून घ्या. बायकांमध्ये तो मोठ्या घोरण्यापेक्षा थकवा आणि निद्रानाश म्हणून समोर येतो, म्हणून सुटतो.

सीबीटी-आय का फसतं? ‘झोप आली की मगच अंथरुणावर जा’ हा नियम सगळ्यांना सरसकट लावला जातो. सेवेत असताना झोपण्याच्या जागीच लैंगिक अत्याचार झालेला असेल, तर तिला झोप येते पण अंथरुणावर जायची भीती वाटते. अशा वेळी आधी खोली: दार दिसेल अशी खाटेची जागा, मंद दिवा, कुलूप एकदाच तपासायचं आणि नोंदवहीत खूण करायची.

रुजुवात:
अत्याचाराबद्दल विचारायचं कसं? सरळ विचारलं की बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतात.

मोजपट्टी:
‘बलात्कार’, ‘अत्याचार’ हे शब्द टाळून वर्तन विचारा, एकांतात, नवरा किंवा जुना सहकारी शेजारी नसताना. ‘सेवेत असताना नको असलेली लैंगिक शेरेबाजी, स्पर्श किंवा दबाव सहन करावा लागला का?’ आणि वेगळा प्रश्न: ‘बळजबरीने किंवा धमकी देऊन कुणी शरीरसंबंध ठेवले का?’ तपशील तिथेच खणू नका. उत्तर ‘हो’ असेल तर स्त्रीरोग तपासणी किंवा दातांचे उपचार टाळले जातात का, तेही विचारा. चुकलेल्या वेळांचं कारण अनेकदा तेच निघतं.

पायरीपायरीने:
टपालाच्या ढिगाबद्दल. ‘या आठवड्यात बिलं भर’ हा गृहपाठ नव्हे. पहिले दोन दिवस फक्त पाकिटं उघडायची, १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, गजर वाजला की बंद. मग दोन गठ्ठे: तारीख असलेलं, नसलेलं. पैसे भरणं त्यानंतर. घात होतो तो बऱ्या दिवशी: एका बैठकीत सगळं उरकतात आणि पुढचे तीन दिवस आडव्या. म्हणून वरची मर्यादाही लिहून द्या. पलटणीत वेळापत्रक दुसरं कुणी आखायचं. इथे ते भिंतीवर लागतं, डोक्यात ठेवून चालत नाही.

आणि पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) वापरत असाल तर नववा प्रश्न, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा, बेरजेत बुडू देऊ नका. तिथे शून्याहून जास्त काहीही असेल तर त्याच भेटीत आत्महत्येबद्दल थेट विचारा, आणि घरात बंदूक आहे का, ती कुलूपबंद आहे का, किल्ली कुणाकडे असते, हेही. शस्त्र हाताळायची सवय असलेल्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न ‘बायका असं करत नाहीत’ म्हणून गाळला जातो.