[मंडळ-चर्चा] संपादनाचं मशीन: एलजीए १७०० की एएम५? उद्या ऑर्डर जाते आहे

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

दोन याद्या हातात आहेत, उद्या दुपारी ऑर्डर द्यायची आहे.

पहिली (इंटेलची, एलजीए १७०० सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा): कोअर आय७-१४७०० प्रोसेसर, बी७६० मदरबोर्ड, डीडीआर४ मेमरीवाला. जुन्या मशीनमधल्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या त्यात बसतील.
दुसरी (एएमडीची, एएम५ सॉकेट): रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड. डीडीआर५ मेमरी नवीन घ्यावी लागेल.

आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड दोन्हींत आहे. मागणं एवढंच, की मशीन सहा-सात वर्षं चालावं आणि मधे एकदा फक्त प्रोसेसर बदलून भागावं. मागच्या मशीनची चर्चा पुन्हा नको, ती सगळ्यांना पाठ आहे. रात्रीपर्यंत कळवा.

— सचिव

----

प्रेषक: तांत्रिक समिती

ताई, फक्त प्रोसेसर बदलून भागवायचं असेल तर पहिली यादी बादच होते.

एलजीए १७०० हे सॉकेट नोव्हेंबर २०२१ मध्ये कोअर प्रोसेसरच्या बाराव्या पिढीबरोबर आलं. २०२२ मध्ये तेरावी आली, २०२३ मध्ये चौदावी, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपला एलजीए १८५१ आणलं. १४७०० मध्ये आठ पी-कोर (वेगवान) आणि बारा ई-कोर (छोटे, कमी वीज खाणारे) आहेत. त्याच बोर्डावर पुढे जाऊन घ्याल तो १४९००, म्हणजे आठ आणि सोळा. चार ई-कोरांसाठी कुणी मशीन उघडत नाही.

एएम५ सप्टेंबर २०२२ चं. त्यावर ७०००, ८०००जी आणि ९००० या मालिका आल्या आणि २०२७ व त्यापुढेही हे सॉकेट चालवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. ते आश्वासन घटकाभर बाजूला ठेवा. ९७००एक्स आठ कोरचा आहे आणि सोळा कोरचा ९९५०एक्स आजच त्याच सॉकेटात बसतो. वर चढायला जागा आहे ती ही.

— तांत्रिक समिती

----

प्रेषक: खजिनदार

एकच सॉकेट म्हणजे प्रोसेसर चालणारच, हे गृहीत धरणं मला पटत नाही.

इंटेलचं जुनं सॉकेट एलजीए ११५१ आठवून बघा. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलं, त्यावर सातवी चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी आली, तिचंही नाव ११५१ च, पण तिला ३०० मालिकेचा बोर्डच लागतो. नाव तेच, आकार तोच, तरी १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाही. एलजीए १२०० वर एच४१० आणि बी४६० चिपसेटच्या (बोर्डावरची मुख्य जोडचिप) बोर्डांना अकरावी पिढी नाकारली गेली. आणि तिसऱ्या पिढीच्या थ्रेडरिपरचं (एएमडीचा मोठा प्रोसेसर) एसटीआरएक्स४ सॉकेट एका पिढीत संपलं, म्हणजे एएमडी असं करत नाही हेही खरं नाही.

त्यातून चांगल्या चालत्या ३२ जीबी पट्ट्या काढून ठेवायच्या? माझं मत: आजच वीस कोरचा १४७०० घ्यावा आणि पुढे काही बदलूच नये.

— खजिनदार

----

प्रेषक: चित्रीकरण गट

मेमरीचं तुम्ही ठरवा. आमच्या कॅमेऱ्याचं फुटेज एचईव्हीसी ४:२:२ दहा-बिट (दाबून साठवलेला, रंगांची जास्त माहिती असलेला प्रकार) आहे, त्याबद्दल बोलते. इंटेलच्या १४७०० मधलं अंगभूत ग्राफिक्स ते हार्डवेअरमध्ये उलगडतं. रायझनमधलं उलगडत नाही. टाइमलाइनवर तीन कॅमेरे एकावर एक ठेवले की सगळा भार कोरांवर येतो, प्रीव्ह्यू अडकतो आणि प्रॉक्सी (हलक्या प्रती) करत बसावं लागतं.

पहिलीच यादी ठरली तर नावापुढे "एफ" नाही ना, ते नीट बघा. १४७००एफ मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं.

— चित्रीकरण गट

----

प्रेषक: तांत्रिक समिती

> रायझनमधलं उलगडत नाही.

बरोबर, पण यादीतलं कार्ड उलगडतं. आरटीएक्स ५० मालिकेपासून ४:२:२ चं डिकोडिंग कार्डातच आहे. संपादनाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती तेवढी नवी हवी. जुनं कार्ड पुढे चालवलं असतं तर तुमचा मुद्दा निर्णायक ठरला असता.

काका, ११५१ चं उदाहरण अगदी योग्य आहे. सॉकेट म्हणजे खिळ्यांची मांडणी, त्याने फक्त "बसेल का" एवढंच कळतं. "चालेल का" हे चिपसेट, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) आणि बोर्डाचा वीजपुरवठा मिळून ठरवतात. म्हणून बोर्ड निवडताना मी तीन गोष्टी बघतो.

बायोस चिपचा आकार. एएम४ च्या (एएम५ च्या आधीचं सॉकेट) कित्येक बोर्डांवर १६ एमबीची चिप होती. नवे प्रोसेसर घालायला जागा पुरेना, म्हणून नव्या बायोसमधून जुन्यांचा आधार काढला गेला. एएम४ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० चा अधिकृत आधार २०२२ मध्ये मिळाला, तोही बोर्डागणिक वेगवेगळ्या वेळी. एएम५ वर ३२ किंवा ६४ एमबी असते. दोन्ही सारख्याच वाटले तर ६४ चा घ्या.

व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग. ९७००एक्स ६५ वॉटचा आहे आणि प्रत्यक्षात सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेतो. ९९५०एक्स १७० वॉटचा, २३० पर्यंत जातो. हीटसिंक नसलेल्या साध्या बोर्डावर तो सुरू होईल, पण दोन तासांच्या रेंडरमध्ये व्हीआरएम तापून प्रोसेसरचा वेग उतरेल. आज छोटा प्रोसेसर असला तरी बोर्ड उद्याच्या मोठ्या प्रोसेसरच्या हिशोबाने घ्यायचा. बचत करायचीच तर प्रोसेसरमध्ये करा, कारण बदलायचा तोच आहे. पॉवर सप्लाय आणि कूलरलाही हाच नियम.

तिसरी गोष्ट बायोस फ्लॅशबॅकचं बटण. यादीतला बी६५० बोर्ड कुठला आहे? त्याला ते आहे का?

— तांत्रिक समिती

----

प्रेषक: सचिव

बटणाचा उल्लेख यादीत नाही. विक्रेता म्हणतो "९००० मालिकेला चालतो". तेवढं पुरेसं नाही का?

— सचिव

----

प्रेषक: तांत्रिक समिती

नाही ताई, नेमकी इथेच गफलत होते.

बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ पासून बाजारात आहेत, ९७००एक्स ऑगस्ट २०२४ चा. बोर्ड त्याआधी डब्यात बंद झाला असेल तर आतलं बायोस या प्रोसेसरला ओळखत नाही. पंखे फिरतात, सीपीयूचा दिवा लागून राहतो, पडदा काळा. बायोस अपडेट करायला मशीन सुरू व्हायला हवं आणि सुरू व्हायला बायोस हवं. मग कुणाचा तरी ७००० मालिकेतला प्रोसेसर मागून आणा. बटण असलं की हा गुंता उरत नाही, प्रोसेसर न बसवताही बायोस चढतं.

कृती अशी. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. २४ पिनांची आणि सीपीयूची ८ पिनांची अशा दोन्ही केबल्स लावून पॉवर सप्लाय चालू करा, पण मशीनचं बटण दाबू नका. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट नको. बायोसची फाइल अनझिप करून बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं नाव तिला अक्षरशः तसंच द्या आणि कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता थेट ठेवा. पाठीमागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच ड्राइव्ह घाला, शेजारच्यात नाही. बटण तीन-एक सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागतो आणि काही मिनिटांनी विझतो. पाच-सात सेकंदांतच विझला किंवा स्थिर झाला तर फाइल वाचलीच गेलेली नाही: नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट यांपैकी एक चुकलंय. लुकलुकत असताना वीज तोडायची नाही.

डबा आला की स्टिकरही बघा. काही बोर्डांवर बायोसची आवृत्ती छापलेली असते. उत्पादकाच्या पानावर प्रोसेसरच्या यादीत प्रत्येकापुढे किमान आवृत्ती दिलेली असते, ती ताडून पाहा. विक्रेत्याच्या "चालतो" चा अर्थ "अपडेटनंतर चालतो" असाही असू शकतो.

— तांत्रिक समिती

----

प्रेषक: खजिनदार

पटलं, दुसऱ्या यादीला माझी हरकत नाही. पण मेमरी आत्ता १६ च्या दोन पट्ट्या घेऊ आणि पुढे आणखी दोन वाढवू. चार खाचा आहेतच.

— खजिनदार

----

प्रेषक: चित्रीकरण गट

काका, तसं नको. एएम५ वर दोन पट्ट्यांना ५६०० चा अधिकृत वेग मिळतो, चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. त्याहून जास्त चालला तर नशीब म्हणायचं. शिवाय वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांचं आपसात जुळेल याची खात्री नसते. ३२ च्या दोन आत्ताच घ्या, संपादनाला ६४ जीबी लागणारच आहे. जुन्या पट्ट्या जुन्या मशीनमध्येच राहू द्या, ध्वनिमुद्रणाला ते मशीन चालेल.

— चित्रीकरण गट

----

प्रेषक: तांत्रिक समिती

चित्रीकरणाच्या ताईंना दुजोरा. दोनच असतील तर पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसवा, बहुधा प्रोसेसरपासून मोजता दुसरी आणि चौथी. पहिल्यांदा सुरू केल्यावर मेमरी ट्रेनिंग चालतं (बोर्ड मेमरीशी जुळवून घेतो), तेव्हा काही मिनिटं पडदा काळा राहतो. बरेच जण इथेच घाबरून मशीन बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

आणखी एक: एएम५ चे खिळे बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर तिरका सोडला तर बोर्ड जातो. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून सरळ खाली ठेवायचा, दाबायचा नाही. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. बोर्ड परत करायची वेळ आली तर ते मागतात.

— तांत्रिक समिती

----

प्रेषक: संकेतस्थळ व खाती

सगळे बोर्डावर बोलताय, पण प्रोसेसर बदलायच्या दिवशी डिस्क कुलूपबंद झाली तर फोन मलाच येणार.

एएमडीच्या मशीनमध्ये नवा प्रोसेसर बसवला की सुरू होतानाच काळ्या पडद्यावर प्रश्न येतो: नवा प्रोसेसर आढळला, एफटीपीएम (प्रोसेसरमधला किल्ल्यांचा सुरक्षित साठा) रीसेट करायचं का, होय असेल तर वाय, नाहीतर एन. वाय दाबलं की जुन्या किल्ल्या जातात. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचं चित्रीकरण परत मिळत नाही. म्हणून आधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करायचं, मगच मशीन उघडायचं. बायोस अपडेटच्या आधीही हेच.

रिकव्हरी की, विंडोजचा परवाना आणि ते ज्या खात्याला जोडायचं ते खातं, हे तिन्ही माझ्याकडे नोंदवल्याशिवाय मशीन वापरात घेऊ नये. मागच्या वेळी समितीने परस्पर खातं उघडलं होतं, ते या वेळी नको.

— संकेतस्थळ व खाती

----

प्रेषक: तांत्रिक समिती

मान्य. खातं तुम्हीच उघडा, आम्ही फक्त जोडणी करू. की कागदावर लिहून एक प्रत मशीनच्या डब्यातही ठेवू या का?

— तांत्रिक समिती

----

प्रेषक: संकेतस्थळ व खाती

मशीनजवळ नको. एक प्रत माझ्याकडे, एक सचिवांकडे.

— संकेतस्थळ व खाती

----

प्रेषक: सचिव

ठीक आहे, दुसरी यादी ठरली. बदल असे कळवले आहेत: बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण आणि व्हीआरएमवर हीटसिंक हवी, त्यात बसणारा बी६५० नसेल तर बी८५०. ९७००एक्स तोच. डीडीआर५ ५६००, ३२ च्या दोन पट्ट्या. पॉवर सप्लायला सीपीयूच्या ८ पिनांच्या दोन केबल्स.

विक्रेत्याचं आत्ताच उत्तर आलं. त्याच्याकडे बटण असलेला बी६५० आहे, स्टिकरवर आवृत्तीही छापलेली आहे, फोटो जोडला आहे. उत्पादकाच्या यादीशी कुणीतरी ताडून पाहा, मला त्यातले आकडे कळत नाहीत.

— सचिव

----

प्रेषक: तांत्रिक समिती

पाहिलं. स्टिकरवरची आवृत्ती ९७००एक्सच्या किमान आवृत्तीहून जुनी आहे, म्हणजे अपडेट करावंच लागणार. बटण आहे, त्यामुळे बोर्ड घ्यायला हरकत नाही. एफएटी३२ केलेला पेन ड्राइव्ह मी फाइलसकट तयार करून आणतो. डबा आला की सील फोडू नका, मी पोचेपर्यंत थांबा.

— तांत्रिक समिती