शब्दचर्चा: मुलाखतीआधी जे होतं त्याला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती, डिचोली

आमच्या महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक पानाचं पत्रक लिहितेय. नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी मन थाऱ्यावर कसं ठेवायचं, एवढाच विषय. मजकूर होत आलाय, अडलंय ते मथळ्यापाशी. मुलं सर्रास 'नर्व्हस' म्हणतात. मी 'चिंताग्रस्त' लिहिलं, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, घरात कोण आजारी आहे?" 'भयभीत' म्हणजे फारच झालं. 'घाबरलेले' अर्थाने चालेल, पण स्वतःबद्दल ते वाचायला कुणाला आवडेल? दुसरी पंचाईत 'शांत राहा'ची. मास्तरणीच्या तोंडून आलं की मुलांना त्याचा अर्थ 'गप्प बसा' एवढाच लागतो. सुचवा काहीतरी.

सत्तरीकर

मॅडम, मराठीत याला एक शब्द नाही, अख्खं शरीरशास्त्र आहे. छातीत धडधड, पोटात गोळा, घशाला कोरड, हातपाय गळणे, तोंडचं पाणी पळणे, बोबडी वळणे, दातखीळ बसणे. वर 'पाचावर धारण बसणे' आहेच. यातली धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागलं की लोकांची जी अवस्था होई ती, अशी त्याची उपपत्ती सांगतात. मुलं वाणिज्य शाखेची असतील तर हे जरूर सांगा.

औषध कारखान्यातली, वेर्णा

सत्तरीकरांची यादी वाचून हसले, पण ती शास्त्राला धरून आहे. समोर धोका आहे असं शरीराला वाटलं की ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, ती धडधड. लाळ कमी होते, ती घशाची कोरड. पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थंडावतं, म्हणून पोटात गोळा. वाघ असो की मुलाखतीचं मंडळ, शरीर तयारी तीच करतं.

पत्रकात एक गोष्ट नक्की घाला. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. म्हणून 'खोल श्वास घ्या' हा सल्ला अर्धवट आहे. घाईघाईने खोल श्वास ओढत बसलं तर उलट गरगरायला होतं. महत्त्वाचं आहे ते श्वास सावकाश सोडणं. मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. गरम पेजेवर फुंकर घालतो ना, तसा. तीनचार मिनिटं पुरतात आणि बाकावर शेजारी बसलेल्याला कळतही नाही.

वास्को, मूळ नागपूर

एवढं कशाला? 'घाबरणे' आहे की! आमच्याकडे तर 'मुलाखत' हा शब्दही ऐकायला मिळत नाही, हिंदीच्या शेजारामुळे 'साक्षात्कार'. बँकेचं पत्र आलं होतं, 'आपका साक्षात्कार' अमुक तारखेला. आजी म्हणाली, बाबा, आम्ही जन्मभर देवळात बसलो, आम्हाला नाही झाला.

निवृत्त मास्तर, फोंडा

आजीचं बरोबर आहे. आपली 'मुलाखत' अरबीतल्या 'मुलाकात'वरून आली, म्हणजे नुसती भेट. मुलांना एवढं सांगितलंत तरी निम्मं ओझं उतरेल.

आता मूळ प्रश्न. सत्तरीकरांनी सगळे शब्द एका टोपलीत टाकले, पण त्यांना वेळ असते. पोटात गोळा येतो तो आधी, बोलावणं आलं की. बोबडी वळते ती आत, समोरच्याने प्रश्न टाकल्यावर. हातपाय गळतात तेही बहुधा तेव्हाच. आणि पत्रक आहे मुलाखतीच्या आधीच्या अवस्थेबद्दल. तिच्यासाठी शब्द तयार आहे: धाकधूक.

'धाक' या शब्दाशी त्याचं नातं जोडायचा मोह होतो. पण धडधड, धुकधुक, धुगधुगी ही त्याची भावंडं शेजारी मांडली की तो नादावरून आलेला शब्द आहे, हेच मला पटतं. धाकधूक आणि भीती यात मोठा फरक आहे. भीतीत वाईट होणार हे गृहीत असतं. धाकधुकीत निकाल अजून लागलेला नसतो. दहावीच्या निकालाच्या सकाळी धाकधूक असते. नापास झाल्याचं कळल्यावर ती संपते आणि मग खरी भीती सुरू होते, वडिलांची. म्हणजे धाकधूक वाटते त्याअर्थी अजून आशा आहे. हे 'घाबरणे'मध्ये नाही. नागपूरकरांनी रागावू नये.

'घालमेल' चालेल का असं कोणी विचारेल. तिचा जुना अर्थ सरमिसळ, उलथापालथ असा. जावं की जाऊ नये, ही नोकरी घ्यावी की ती, असं दोन्हीकडे ओढलं जातं तेव्हा जिवाची घालमेल होते. 'हुरहूर' तर निरोपाची, नाहीतर कुणाची वाट पाहण्याची. मुलाखतीला हुरहूर लागत नाही. लागली तर मंडळात कोण बसलंय याची चौकशी करावी लागेल.

हॉटेलची भरती पाहणारी, मडगाव

'दडपण' राहिलं. उमेदवारांच्या तोंडी मला तोच जास्त ऐकू येतो, "घरच्यांचं दडपण आहे, मॅम." आणि ते धाकधुकीपेक्षा वेगळं आहे. धाकधूक आतून येते, दडपण वरून कोणीतरी ठेवलेलं असतं.

निवृत्त मास्तर, फोंडा

अगदी बरोबर. दडपणे म्हणजे वर वजन ठेवून दाबणे. दडपे पोहे त्यातलेच. म्हणून दडपण 'येतं' आणि धाकधूक 'होते' किंवा 'वाटते'.

म्हापशेकार

इतके जड शब्द कशाला? गोव्यात बसून 'शांत'ला शब्द शोधताय? सुशेगाद! मथळा द्या, 'मुलाखतीला सुशेगाद जा'. मुलं लगेच वाचतील.

हॉटेलची भरती पाहणारी, मडगाव

नको हो भाऊ! सुशेगाद आलेला उमेदवार मी पाहिलाय. अर्ध्या तासाने उगवला आणि आम्हालाच विचारलं, कार्निव्हालला सुट्टी असते ना?

निवृत्त मास्तर, फोंडा

म्हापशेकारांच्या बाजूने एक साक्ष देतो. सुशेगाद आला पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून, आणि त्याचा अर्थ निवलेला, शांत झालेला. आळशी हा अर्थ त्यात मुळीच नाही. तो पर्यटनाच्या जाहिरातींनी चिकटवला आणि आपणही कौतुकाने मिरवला. मुळातला अर्थ घेतला तर शब्द चपखल आहे. पण शब्द मुळावर चालत नाहीत, चलनावर चालतात. आज सुशेगाद म्हणजे दुपारी जेवून पडवीत आडवा झालेला माणूस. त्याला कसली वाट बघायची नसते. मुलाखतीच्या बाहेर बसलेल्याला बघायची असते. म्हणून मथळ्यात नको.

'निवांत'चंही तेच. 'बिनधास्त' आणखी वाईट, त्यात समोरच्याची पर्वा नसल्याचा वास येतो.

सत्तरीकर

मग मुलाने नेमकं व्हायचं तरी काय? शांत नको, निवांत नको, सुशेगाद नको, बिनधास्त नको.

निवृत्त मास्तर, फोंडा

सावरलेला! आणि त्याहून नेमका शब्द हवा असेल तर 'अवसान'. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, त्यामुळे पंडित मंडळी दचकतात. पण मराठीत अवसान म्हणजे धीर, बळ, ऐनवेळी टिकणारं भान. हिंदी-उर्दूत 'औसान' आहे, भान किंवा प्रसंगावधान या अर्थाने. आपला शब्द त्या घरचा वाटतो. अवसान गळतं आणि अवसान आणताही येतं. उसनंही आणता येतं! मुलाखतीपुरतं उसनं अवसान आणायला काही हरकत नाही, पहिल्या दोन उत्तरांनंतर स्वतःचं येतं.

हॉटेलची भरती पाहणारी, मडगाव

'सावरणे' मला फार आवडला. टेबलाच्या या बाजूने सांगते: उमेदवार घाबरलाय हे आम्हाला दिसतं आणि त्याचे गुण कोणी कापत नाही. बघतो ते हे, की एक उत्तर चुकल्यावर तो सावरतो की पुढची सगळी उत्तरं त्या एका चुकीपायी घालवतो. "थोडा विचार करून सांगते" म्हणणारी मुलगी मला त-त-प-प करत भरमसाट बोलणाऱ्यापेक्षा कधीही चालेल. "माहीत नाही" हेसुद्धा उत्तरच आहे. पत्रकात हे ठळक अक्षरांत घाला. आणि एक तयारी फार कमी मुलं करतात: 'तुमच्याबद्दल सांगा' याचं उत्तर घरी मोठ्याने म्हणून बघणं. मनातल्या मनात सगळेच सुरेख बोलतात.

सत्तरीकर

मॅडमना एक विनंती. आमच्या वाळपईकडच्या पोरांचं दुखणं वेगळं आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजी, घरात कोकणी. सरकारी जाहिरातीत लिहिलेलं असतं, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास इष्ट. आणि आत गेलं की पहिला प्रश्न इंग्रजीत! पोरगा तिथे घाबरत नाही, तो अडखळतो. त्याला उत्तर येत असतं, वाक्य येत नसतं. लोक त्याला नर्व्हस म्हणतात आणि तोही मग स्वतःला तसंच समजतो. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. अडखळणाऱ्याला श्वास मोजून काय मिळणार? त्याला चारदा बोलायची सवय पाहिजे, किंवा "कोकणींत सांगूं?" असं विचारायची मुभा आहे हे माहीत पाहिजे.

बाकी सल्ला साधा. वाळपईहून पणजीला येणाऱ्याने वेळेच्या आधीची बस धरावी. घामाघूम होऊन, धावत जिना चढून आत शिरलेल्या माणसाची छाती धडधडतेच, त्याला मानसशास्त्र लागत नाही.

वास्को, मूळ नागपूर

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या पदांच्या मुलाखतीच काढून टाकल्या. तिथे नुसती लेखी परीक्षा. कुणी म्हणेल धाकधूक संपली. ती आता निकालाच्या यादीत शिरली.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी, पर्वरी

सत्तरीकरांनी जाता जाता जे म्हटलं, की लोक नर्व्हस म्हणतात आणि तोही स्वतःला तसंच समजतो, ते महत्त्वाचं आहे. नाव कोणतं देतो याने फरक पडतो. ॲलिसन वुड ब्रूक्स या हार्वर्डमधल्या संशोधिकेने २०१४ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. कराओकेवर गाणं, भाषण आणि गणितं अशी कामं लोकांना दिली. त्याआधी ज्यांनी स्वतःला 'मी एक्सायटेड आहे' असं सांगितलं, त्यांची कामगिरी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. कारण पटण्यासारखं आहे. छाती धडधडत असताना 'मी शांत आहे' हे धडधडीत खोटं वाटतं, शरीर ऐकत नाही. 'एक्सायटेड' मात्र धडधडीशी जुळतं. ठोके तेच, नाव बदललं.

माझी अडचण अशी की हे मराठीत सांगताना शब्द सापडत नाही. 'उत्तेजित' भलतीकडे जातो. 'उत्सुक' फिका आहे. 'उतावीळ' तर दोषच. 'मला हुरूप आलाय' असं आरशासमोर कोण म्हणेल?

म्हापशेकार

बाय, आता मात्र माझं ऐका. कोकणीत आम्ही म्हणतो 'उमेद'. फेस्ताला जायची उमेद, नव्या कामाची उमेद. मराठीतही आहे की!

निवृत्त मास्तर, फोंडा

वा, म्हापशेकार! सुशेगाद फुकट गेला, पण हा लागला. आणि गंमत बघा, मुलाखतीला जातो त्याला आपण म्हणतो काय? उमेदवार. फारसीतून आलेला शब्द, उमेद बाळगणारा तो उमेदवार. पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेने बिनपगारी काम शिकत राहणं, त्याला 'उमेदवारी करणे' म्हणत. निवडणुकांनी हा शब्द इतका झिजवला की त्यातली उमेद कुणाला ऐकूच येत नाही. दाराबाहेरच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे ती छापलेली असते.

मराठीत उमेद खचते, उमेद वाटते, माणूस उमेदीत असतो. कोकणीतल्या उमेदीत आनंदाची छटा जास्त, मराठीतल्या उमेदीत जिद्दीची. ताईंना हवाय तो अर्थ या दोन्हींच्या मधोमध आहे. म्हणजे गोव्यातल्या मुलांना तो आपोआप कळेल.

वास्को, मूळ नागपूर

हे मान्य. पण 'मला उमेद वाटतेय' हेही आरशासमोर कोणी म्हणणार नाही.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी, पर्वरी

'धाकधूक होतेय, पण उमेद आहे', असं म्हणायला काय हरकत? पहिलं नाकारायचं नाही, दुसरं पुढे जोडायचं. मी परवाच्या तोंडी परीक्षेला करून बघते.

धागाकर्ती, डिचोली

सर्वांचे आभार. मथळा ठरला: 'उमेदवारांची धाकधूक: अवसान टिकवायचं कसं?' 'शांत राहा' मजकुरातून काढून सगळीकडे 'सावरा' केलंय. श्वासाचा परिच्छेद वेर्ण्याच्या ताईंचा. 'माहीत नाही' ठळक. सत्तरीकर, अडखळण्यावर वेगळा परिच्छेद घातलाय आणि भाषेबद्दल आधीच विचारावं हेही. आतला एक उपमथळा मात्र अजून लटकतोय: 'धाकधूकीवर उपाय'. शिपायाने वाचून सांगितलं, काहीतरी चुकलंय. काय ते त्यालाही सांगता येईना.

निवृत्त मास्तर, फोंडा

शिपायाचा डोळा चांगला आहे. चूक, पण चुकीचा. तसंच धाकधूक, पण धाकधुकीवर. मूळ शब्दात 'धू' दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. छपाईला जाण्याआधी दुरुस्त करा. आणि 'मुलाखतीपूर्वी' लिहिलं असेल तर तो एकच शब्द आहे, मधे जागा सोडू नका.