हॉस्टेलमधल्या झोपेचा सर्व्हे: पीएसक्यूआयचे आकडे विचित्र येतायत

प्रश्न (एमबीबीएस, तिसरं वर्ष)
पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र) प्रोजेक्टसाठी हॉस्टेलमधल्या मुलामुलींकडून पीएसक्यूआय (झोपेचा दर्जा मोजणारी प्रश्नावली) भरून घेतला. झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोप किती टक्के) काही फॉर्ममध्ये १०० टक्क्यांच्या वर जातेय, काहींत उणे येतेय. हे फॉर्म काढून टाकू का? आणि एकूण ५ गुण म्हणजे झोप चांगली की वाईट?

आकडेमोड (उत्तर)
५ चांगलीच. सात घटकांना प्रत्येकी ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २१; त्यापैकी ५ पेक्षा जास्त आले तर वाईट.

उणे येतं ते मध्यरात्रीमुळे. उठायच्या ७ मधून अंथरुणावर जायचे २३ वजा केले की उणे १६. एक्सेलमध्ये वेळांच्या वजाबाकीला मॉड फंक्शन लावा, भाजक १, मग २४ ने गुणा. त्याआधी सगळ्या वेळा २४ तासांच्या घड्याळात घ्या, नाहीतर रात्रीचे साडेबारा दुपारचे होतात.

१०० च्या वर जाण्याचं नेहमीचं कारण दुपारची झोप. रात्री २ ते सकाळी ७ अंथरुणात आणि झोप ६ तास लिहिली, की १२० टक्के. चौथा प्रश्न फक्त रात्रीच्या झोपेचा आहे. शक्य असेल तर पुन्हा विचारा.

रातराणी (उत्तर)
याहून मोठी गडबड पहिल्या प्रश्नात (अंथरुणावर कधी गेलात?) आहे, आणि ती आकड्यांत दिसत नाही. हॉस्टेलात कॉट हीच बसायची, अभ्यासाची आणि मोबाईल बघायची जागा. समजा, एकजण ११ ला कॉटवर गेला, १.३० ला दिवा मालवला, ७ ला उठला आणि साडेचार तास झोपला. ‘अंथरुणावर गेलो’ म्हणून त्यानं ११ लिहिलं तर कार्यक्षमता ५६ टक्के, गुण ३. १.३० लिहिलं तर ८२ टक्के, गुण १. झोप तीच, फरक २ गुणांचा! काठावरच्या मुलाचा निकाल एवढ्यानं फिरतो. म्हणून ‘झोपायच्या इराद्यानं आडवे झालात ती वेळ’ अशी एकच सूचना सगळ्यांना द्यायला हवी.

दुसरं म्हणजे, पाचव्या प्रश्नात झोपेत अडथळा आणणाऱ्या कारणांमध्ये थंडी, उकाडा, खोकला, वाईट स्वप्नं आहेत. डास, रूममेटचा दिवा, कॉरिडॉरमधला गोंगाट नाहीत. ते ‘इतर कारण’मध्ये जातं, आणि ती ओळ मुलं कोरी सोडतात. कोरी म्हणजे ०. या तिन्हींसाठी वेगळे प्रश्न जोडा, पण त्यांचे गुण एकूणात मिळवू नका.

प्रश्नकर्ता
फॉर्मवर नावं नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारता येणार नाही.

आकडेमोड
नावं नाहीत हे बरंच केलंत. फॉर्म रेक्टरकडे जाणार असं वाटलं तर खऱ्या वेळा कोण लिहील? १०० च्या वरच्या फॉर्ममध्ये कार्यक्षमता गहाळ धरा, अंदाजानं १०० करू नका. त्यांचा एकूण गुण निघणार नाही, बाकीचे सहा घटक वापरा. असे किती फॉर्म होते ते रिपोर्टमध्ये लिहा, आणि पहिल्या प्रश्नाची संदिग्धता मर्यादांमध्ये स्पष्ट नोंदवा. सातही घटकांचे गुण वेगवेगळे मांडा. रेक्टरला नुसत्या ‘वाईट झोप’ टक्केवारीवरून काय बदलायचं ते कळत नाही.