रोज तीन अध्याय: देवाचा शोध की नुसती हजेरी?

नगरचा_नातू
आमच्या मंडळीत १ जानेवारीला वर्षभरात बायबल संपवायचा तक्ता वाटतात. एकूण ११८९ अध्याय. रोज तीन, रविवारी पाच. यंदा मीही घेतला. उत्पत्ती मजेत गेलं, निर्गममध्ये निवासमंडपाच्या फळ्या आणि पडदे मोजताना जांभया आल्या, आणि महिना सरता सरता तिसरं पुस्तक, लेवीय, लागलं. तेराव्या अध्यायात चट्टे, पुरळ, याजकाची तपासणी. ५९ वचनं बसथांब्यावर उभ्या उभ्या मोबाइलवर उरकली. ऑफिसात पोचेपर्यंत एक शब्द आठवत नव्हता, अ‍ॅप मात्र 'सलग ३३ दिवस' म्हणून शाबासकी देत होतं.

माझी आजी निरक्षर होती. संध्याकाळी चुलीपाशी तिला शास्त्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. खेळायला पळायचं म्हणून मी घाईने वाचायचो. ती पिठाचा हात वर करायची, "थांब रं. परत वाच." लूक १५ मधली ती बाई, जिचं दहातलं एक नाणं हरवतं आणि ती दिवा लावून घर झाडते, तिच्यावर आजीने आठवडा काढला. "झाडायला दिवा लागतो म्हंजे घराला खिडकी न्हाई बघ तिच्या."

माझं मत: तक्ता फाडा, एक परिच्छेद घ्या. योहान ५:३९-४० मध्ये प्रभू शास्त्र कोळून प्यालेल्यांनाच सुनावतो, की तुम्ही शास्त्रात जीवन शोधता, पण माझ्याकडे यायला तयार नाही.

पहाटे_पाच
आजीला रोज कोणीतरी वाचून दाखवत होतं, हे विसरलात काय? तो तक्ता तुम्हीच होता.

आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचा. बिरुयातल्या लोकांचं कौतुक कशासाठी आहे? पौल सांगतो ते खरं का, हे ते दररोज शास्त्रात तपासत होते. दररोज! मन लागेल तेव्हा नाही.

नगरचा_नातू
पण त्यांच्या घरोघरी बायबल नव्हतं हो. गुंडाळ्या सभास्थानात. चार जणांत ऐकायचं, वाद घालायचा. एकट्याने कोपऱ्यात बसून 'शांत वेळ' पाळणं ही छापखान्यानंतरची चैन. मराठीत पूर्ण नवा करार छापून आला तोच १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या मिशनकडून. त्याआधीचे ख्रिस्ती देवावाचून राहिले?

वसईची_लेक
आम्हा कॅथलिकांकडे वेगळीच गंमत. लहानपणी घरात रोझरी रोज, बायबल शोकेसमध्ये. वाचन म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, ऐकायचं ते. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सगळ्या भाविकांना शास्त्र वाचायचा आग्रह केला, तो आमच्या आळीत पोचायला बराच वेळ लागला. फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' हातात आलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली. त्यामुळे 'तक्ता फाडा' हे ज्यांना तक्ता मिळाला त्यांनाच सुचतं, असं वाटतं मला. राग नसावा.

पारायणवाला
मी ख्रिस्ती नाही, आगाऊपणा माफ. आमच्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं तेव्हाही हाच वाद. नामदेवांनी सांगूनच ठेवलंय, 'एक तरी ओवी अनुभवावी'. मत धागाकर्त्याला.

पहाटे_पाच
छान, पण नऊ हजार ओव्यांतली कुठली एक, हे सगळ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कळायचं कसं?

केडगाव_लाइन
लेवीयाची टिंगल चाललीय म्हणून लिहितेय. त्याच लेवीयाच्या १९व्या अध्यायात, कंटाळवाण्या नियमांच्या मधोमध, 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' आहे. आणि त्याच्याही आधी, नवव्या-दहाव्या वचनांत: शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा.

माझी आई दुसऱ्याच्या रानात ज्वारीचा सरवा वेचायची. कापणी झाल्यावर राहिलेली कणसं, ओटीत. मालक चांगला असला तर बघून न बघितल्यासारखं करायचा. म्हणून बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात गरीब, परकी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ते मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पण बवाज दानशूर म्हणून नव्हे, नियम आहे म्हणून आधी तिला येऊ देतो, आणि मग नियमापेक्षा जास्त करतो, मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकायला लावतो, हे मला लेवीय वाचल्यावर कळलं. तोवर मी त्याला नुसता भला माणूस समजत होते. तक्त्याने ओढत नेलं नसतं तर मी त्या पुस्तकात पाऊल टाकलं नसतं.

भाषेचंही बघा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायला घेतलं, आणि १९२२ साली जाईपर्यंत त्यातच होत्या. त्या काय वाटेल तेव्हा बसल्या असतील?

नगरचा_नातू
सरवा हा शब्द वाचून गप्प बसलो. आमच्याकडेही तोच म्हणतात.

तरी बसथांब्यावरचं वाचन वाचन नव्हे, यावर ठाम आहे. अ‍ॅप काढून टाकलंय. छापील प्रत घेतली, कारण पान उलटताना हात थांबतो. सध्या रूथ. चारच अध्याय, दुसऱ्यात तीन दिवस अडकलोय.

केडगाव_लाइन
अडका खुशाल. लेवीय १९ मध्ये बोट घालून ठेवा फक्त.

पहाटे_पाच
तीन दिवस, म्हणजे रोज वाचताय तर!