ऑफिसच्या पीसीचं नेटवर्कवरचं नाव कुठे बघायचं? घरून रिमोट लावायचंय

अकाउंटवाली_बडोदा
नमस्कार मंडळी, मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, घर दांडिया बाजारला. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ऑफिसला जाताच आलं नव्हतं आणि सगळं काम तिकडच्या पीसीत अडकलेलं, म्हणून यंदा पावसाळ्याआधीच साहेबांकडून रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे घरून ऑफिसचा पीसी चालवायची परवानगी घेतली. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, घरच्या लॅपटॉपवर नीट जोडलं जातं. पण रिमोट डेस्कटॉप उघडलं की 'कॉम्प्युटर' असा रकाना येतो, तिथे टाकायचं काय? लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊटमध्ये जाऊन जे नाव दिसलं ते टाकलं तर काहीच होत नाही. ऑफिसच्या सीपीयूवर स्टिकर आहे, त्यावरचा नंबर चालेल का? 20 तारखेच्या आत जीएसटीचा 3बी रिटर्न भरायचाय, जरा लवकर सांगा.

रावपुऱ्याचा_नेटवर्कवाला
ताई, जागा बरोबर शोधलीत, मशीन चुकलं. लॅपटॉपवर बघितलंत म्हणून लॅपटॉपचंच नाव मिळालं. ऑफिसच्या पीसीसमोर बसून तेच अबाऊट उघडा, 'डिव्हाइस नेम' लिहिलेलं असेल ते हवंय. नाहीतर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि होस्टनेम (hostname) असा एकच शब्द टाकून एंटर मारा, खाली नाव येतं. मला ही दुसरी पद्धत आवडते, विंडोज जुनं असो की नवं, सारखीच चालते.
स्टिकरवर विसंबू नका, काही ठिकाणी आयटीवाले तोच नंबर नाव म्हणून ठेवतात पण सगळीकडे नाही. आणि नाव कुणाला फोनवर वाचायला लावू नका. विंडोजने आपोआप दिलेलं असेल तर 'डेस्कटॉप', मग डॅश, मग सात अक्षरं-आकडे असं काहीतरी असतं, त्यात शून्य की ओ हे ऐकून कळत नाही. फोटो काढून मागवा.

मांडवी_87
त्याच पानावर खाली विंडोजची एडिशन पण बघून घ्या. ऑफिसच्या पीसीवर होम असेल तर नाव कितीही बरोबर टाका, होममध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागतं. घरच्या लॅपटॉपला होम चालतं.

अकाउंटवाली_बडोदा
आज ऑफिसात बघितलं, प्रो आहे आणि सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप ऑन आहे. नाव स्टिकरपेक्षा वेगळंच निघालं! पण घरी येऊन व्हीपीएन लावून टाकलं तर कॉम्प्युटर सापडत नाही म्हणतंय. स्पेलिंग तीनदा तपासलं. माझा भाचा म्हणतो ऑफिसच्या राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायचं दार, उघडून घ्या म्हणजे व्हीपीएनची कटकटच नको. करू का?

रावपुऱ्याचा_नेटवर्कवाला
नको नको, ते अजिबात करू नका. रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलं की पासवर्ड फोडणारे प्रोग्राम दिवसरात्र येऊन धडकतात, तुमच्याकडे तर कंपनीचे हिशोब आहेत.
तुमचं मशीन डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीने एकत्र सांभाळलेल्या मशीनच्या गटात असणार असं वाटतंय. छोटं नाव ऑफिसच्या आत चालतं, व्हीपीएनवरून कधी कधी पूर्ण नाव द्यावं लागतं, म्हणजे मशीनचं नाव, टिंब आणि पुढे कंपनीच्या डोमेनचं नाव. अबाऊटमध्येच 'फुल डिव्हाइस नेम' म्हणून दिसेल. यूजरनेममध्येही आधी डोमेन, मग उलटा स्लॅश, मग तुमचं नाव. आयपी नंबर, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकूनही लागेल, पण तो बदलू शकतो, आज चाललं आणि उद्या नाही असं होतं. आणि पूर्ण नाव इथे टाकू नका हं, ते तुमच्याजवळच राहू दे.

अकाउंटवाली_बडोदा
लागलं!! पूर्ण नावाने पहिल्याच फटक्यात लागलं, टॅली समोर दिसतंय, इतकं बरं वाटतंय काय सांगू. दादा खूप खूप आभार. फक्त मधे जेवायला उठले तर परत येईपर्यंत तुटलं आणि आता सापडतच नाहीये.

मांडवी_87
पीसी झोपला असेल. उद्या ऑफिसात गेल्यावर पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते. आणि संध्याकाळी निघताना शटडाऊन न करता नुसतं लॉक करा, शेजारच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी वीज वाचवायला म्हणून बटण दाबेल.

अकाउंटवाली_बडोदा
हो, आमचे शिपाई काका रोज सगळ्यांची बटणं बंद करतात, उद्या सकाळी पहिलं त्यांनाच सांगते.