मदत हवी आहे: टीएमटी नॉर्मल, ब्लॉक निम्माच, तरी अटॅक कसा? दुसऱ्या नसेत आत्ताच स्टेंट घालावा का?

घाईत_आहे (इंदूर)
पटकन सांगा, उद्या दाखवायला जायचंय. दादाला गणपतीनंतर अटॅक आला. मे महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) केली होती, एकदम नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, मूळचा ब्लॉक ५० टक्क्यांच्या आसपासच असावा, तो 'फुटला' आणि नस बंद झाली. तिथे स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) घातला. दुसऱ्या नसेत ४० टक्के आहे, तिथे काहीच करत नाहीत! ५० वाल्याने हे केलं तर ४० वाला कशाची वाट बघतोय? स्टेंट घालून मोकळं व्हावं, की डॉक्टर बदलावा?

रामबागकर
वय? शुगर? सिगरेट? गोळ्या कोणत्या? काहीच लिहिलं नाहीत.

घाईत_आहे
५२. शुगर नाही. सिगरेट ऑफिसच्या खाली सगळे ओढतात तेवढीच. प्रश्न स्टेंटचा आहे.

काढेवाले
स्टेंटच्या भानगडीत पडूच नका. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. माझ्या साडूंचे सगळे ब्लॉक विरघळले.

सेव_परमल
विरघळले हे पाहिलं कोणी? साडूंनी परत अँजिओग्राफी करून घेतली का?

काढेवाले
गरजच पडली नाही. रोज सकाळी नेहरू पार्कला दिसतात, या बघायला.

ओपीडीनंतर
टीएमटी खोटी नव्हती. पट्ट्यावर चालवून एवढंच कळतं की जोर पडल्यावर हृदयाला रक्त कमी पडतंय का. नस साधारण ७० टक्के अरुंद होईपर्यंत ते सहसा कमी पडत नाही, त्यामुळे ५० वाला तिथे पास होऊन जातो.

आता फुटण्याचं. नसेच्या भिंतीत चरबी साठते, तिच्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं. भिंतीत सूज असली की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी ते झाकण आतून कुरतडतात. मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहूनही पातळ झालेली झाकणं सगळ्यात धोक्याची. गळू लहान असलं तरी कातडी पातळ झाली की फुटतं, तसंच हे. फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, प्लेटलेट्स जखम समजून तिथे चिकटतात, गुठळी धरते आणि बघता बघता ५० चे १०० टक्के होतात. दादांची नस बंद केली ती या गुठळीने. कधी झाकण शाबूत राहतं, नुसतं वरचं अस्तर सोलवटतं, तरी गुठळी होते. सिगरेट ओढणाऱ्यांत हे बरंच दिसतं, म्हणून 'तेवढीच' हा शब्द खोडा.

४० टक्क्यांवर इलाज स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा. चरबीचा गाभा आटतो, सूज उतरते, झाकण जाड होतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली हवं. किती आहे?

राजवाडा_कट्टा
असहमत. कोरियाच्या डॉक्टरांची चाचणी २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्रास न देणाऱ्या पण कमकुवत ब्लॉकवर आधीच स्टेंट घातला, तर पुढची दुखणी कमी झाली. आपल्याकडचे डॉक्टर जुनंच धरून बसलेत, भिया.

सेव_परमल
आणि २००७ ची करेज चाचणी? छातीचा त्रास स्थिर असलेल्यांत गोळ्यांच्या जोडीला स्टेंट घालून ना अटॅक कमी झाले ना मृत्यू.

ओपीडीनंतर
कोरियावाल्यांनी ५० टक्क्यांच्या वरचेच ब्लॉक घेतले होते, तेही नसेच्या आत तपासणीची तार घालून झाकण कच्चं दिसलं असेल तरच. ४० टक्केवाला त्यात बसत नाही.

सुदामानगरची_काकू
आमच्या ह्यांचं आयुष्मान कार्डावर झालं. आधार घेऊन जा, झेरॉक्स पण ठेवा. आणि पोहे बंद करू नका गं, वरची शेव तेवढी बंद करा.

राजवाडा_कट्टा
शेवेशिवाय पोहे? मग जगायचं कशाला!

घाईत_आहे
पोह्यांचं कोणी विचारलंय? एलडीएल ९६ आहे. स्टॅटिन चालू आहे, ४० ची. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या कालपासून बंद आहेत, शनिवारी दाढ काढायचीय म्हणून, पण तो वेगळा विषय. तर ४० टक्क्यांचं नक्की काय करू?

रामबागकर
थांबा. बंद कोणी केल्या?

घाईत_आहे
दाताच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं, आधी बंद कराव्या लागतात.

ओपीडीनंतर
ताई, उद्यापर्यंत थांबू नका. आत्ता कार्डिओलॉजिस्टना फोन लावा. दादांचा स्टेंट अजून ताजा आहे, त्याच्या जाळीवर नसेचं अस्तर पुरतं चढलेलं नसेल. उघड्या धातूवर गुठळी धरू नये म्हणूनच त्या दोन गोळ्या असतात. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही, पुढे सहसा एक कायमची. त्या मध्येच तोडणं ४० टक्क्यांच्या ब्लॉकपेक्षा कितीतरी धोक्याचं. साधी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात. गॉज दाबून धरायचा, लागला तर टाका. छाती भरून आली, दरदरून घाम आला तर मात्र सरळ १०८.

काढेवाले
दाढेला तोवर लवंगेचं तेल लावा.

सेव_परमल
हे एक बरोबर बोललात.

घाईत_आहे
बोलणं झालं. दोन्ही गोळ्या लगेच द्यायला सांगितल्या, दाताच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार आहेत. दादा चिडलाय, त्याचे रिपोर्ट मी चव्हाट्यावर मांडतेय म्हणून. ४० टक्क्यांवर सध्या स्टेंट नाहीच म्हणाले. स्टॅटिन ८० ची केली, दीड महिन्याने एलडीएल परत बघायचं. ८० ने पाय दुखतात म्हणे, खरं का?

काढेवाले
म्हणूनच म्हणत होतो, अर्जुन.

रामबागकर
काहींचे दुखतात. दुखले तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील किंवा दुसरी गोळी जोडतील. दाढेसारखं परस्पर काही बंद करू नका. आणि सिगरेटचं उत्तर अजून आलं नाही.